तिरमकबप्पांची नाडीपरीक्षा

आमच्या उमापुरात तिरमकबप्पांना रामराम घालायचा असेल तर तो लांबूनच घालावा. जवळ गेलात की संपलं. ते तुमचा हात दोन्ही हातांत घेणार, प्रेमानं दाबणार, "काय म्हणतंय घरदार?" विचारणार, आणि तुम्ही उत्तराला तोंड उघडलंत की त्यांची तीन बोटं गुपचूप तुमच्या मनगटाखाली सरकलेली असणार. मग ते डोळे मिटतात. मान जरा तिरकी करतात. तुम्ही आपली ज्वारी, बोअरचं पाणी, थोरल्याची नोकरी असं सगळं सांगत सुटता आणि बप्पा मधेच म्हणतात, "ज्वारीचं खरं हाय. नोकरीचं खोटं हाय."

नाव त्र्यंबक, गावानं त्याचं तिरमक केलं. वय सत्तरीच्या पुढं, डोक्याला फेटा, दारात एक जुनी जीप, आणि गावच्या शेतकरी सोसायटीचं चेअरमनपद इतकी वर्षं की पोरांना वाटतं चेअरमन हे त्यांचं आडनावच आहे. त्यांच्या आज्याला म्हणे निजामाच्या काळात हैदराबादच्या एका हकिमानं नाडी बघायची विद्या दिली होती. आज्यानं ती बापाला दिली, बापानं ह्यांना. हकिमानं नक्की काय शिकवलं ते देव जाणे, कारण बप्पांना नाडीवरून ना ताप कळायचा ना खोकला. त्यांना कळायचं फक्त एक, माणूस खरं बोलतो का खोटं. "जबान फिरती, नबज न्हाई फिरत," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. नबज म्हणजे नाडीच, पण नाडी म्हटलं की बप्पांना ती चड्डीची वाटते.

मी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. माहेर केजकडचं, जीभ तिखट, हे आधीच सांगून टाकते. बदली होऊन आले त्याच आठवड्यात बप्पा नवी सिस्टर कशी आहे ते बघायला आले. मी एका म्हातारीची नाडी घड्याळ लावून मोजत होते. बप्पांनी ते बघितलं आणि बाकावरच्या पेशंटांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घड्याळात बघून नबज? मंजी मानूस कळला का काटा कळला?"

मी म्हटलं, "बप्पा, काळीज किती वेगानं पळतंय एवढंच नाडी सांगते. ते चोरामागं पळतंय का एसटीमागं, हे नाडी सांगत नसते. ते माणसाला विचारावं लागतं."

"मानूस खोटं सांगतंय की!"

"मग फसायचं. पण विचारायचं."

तिथून आमची जुंपली ती जुंपलीच. मी त्यांना किती वेळा समजावलं असेल! निवांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण साठ ते शंभरच्या आत असते. जन्मभर रानात राबलेल्याची त्याहून कमी असली तरी घाबरायचं कारण नसतं. जिना चढला की वाढते, तापात वाढते, अंगात रक्त कमी असेल तर वाढते. चहानं, तंबाखूनं, भीतीनं, भांडणानं, आनंदानंसुद्धा वाढते. आणि वाढावीच. कामाच्या वेळी वाढून नंतर खाली आली की समजायचं काळीज धड आहे. कशानंच हलत नाही अशी नाडी फक्त मेलेल्याची. बप्पा हे सगळं मान हलवत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "सिस्टर, तुमची विद्या कागदाची." झालं! माझी सगळी मेहनत पाण्यात.

एक मात्र कबूल करते. बायकांची नाडी त्यांनी कधी धरली नाही. "बायांची नबज कशाला धरायची? बाया तोंडावर खरं बोलून मोकळ्या व्हतेत," असं ते म्हणत. त्यांचं मला पटलेलं एवढं एकच मत.

एकदा कुणाच्या तरी विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली. पोलिसात जायच्या आधी गाव बप्पांकडं गेलं. बप्पांनी संशयितांना मारुतीच्या पारावर ओळीनं बसवलं आणि एकेकाची नबज धरली. शाळेतल्या एका गुरुजींची धाडधाड पळत होती. बप्पा म्हणाले, "गुर्जी, मोटर द्या." गुरुजी बिचारे रडकुंडीला आले. सकाळपासून तीन घरी पाहुणचार झालेला, तीनही घरी चहा, वर हे बालंट. आणि ओळीत एक होता त्याची नबज इतकी निवांत की बप्पांनी त्याला जवळ बसवून घेतलं, "हा खरा मानूस," म्हणाले. पुढच्याच आठवड्यात तो खरा माणूस दुसऱ्याची मोटर उचलताना सापडला. त्याचं ते रोजचं काम, त्याचं काळीज कशाला धडधडेल? मी मुद्दाम वाट वाकडी करून बप्पांच्या ओसरीवर गेले. "काय बप्पा, नबज फिरली वाटतं?"

"नबज न्हाई फिरली. त्यो चोरीला चोरी समजतच न्हाई. मंजी त्याच्या हिशोबानं त्यो खरंच बोलत व्हता."

मी कपाळावर हात मारला आणि दवाखान्याची वाट धरली.

पुतणीच्या लग्नातही तेच. मुलगा बघायला आला, भर वैशाखात, घामानं निथळत. बप्पांनी हात धरला, डोळे मिटले, आणि आत जाऊन सांगितलं, "पोरगं काय तरी लपवतंय. नको." लपवण्यासारखं एवढंच होतं की त्याच्या गाडीतलं पेट्रोल संपलं होतं आणि सासुरवाडीत इज्जत जायला नको म्हणून फाट्यापासून गाडी ढकलत आणून दारात तो ऐटीत उभा राहिला होता. पुतणी बप्पांच्याच घरची. ती चहाचा ट्रे खाली ठेवून म्हणाली, "लगीन करीन तर ह्याच्याशीच." करून दाखवलं. मांडवात बप्पा पाहुण्यांना सांगत फिरत होते, "पोरगं म्या पारखून घेतलंय."

तर असा हा माणूस. हरला तरी हरलो म्हणणार नाही, पाठ टेकली तरी नाक वर. ह्या सगळ्याला आम्ही हसत होतो. पण म्हाळबाच्या वेळी जे झालं त्याला कुणी हसलं नाही.

म्हाळबा गावातला मेंढरं राखणारा धनगर. तो आणि बप्पा लहानपणापासूनचे दोस्त. गावात बप्पांना "अरे तिरमक" म्हणणारा तो एकटा. दरसाल सुगी झाली की म्हाळबाची मेंढरं बप्पांच्या रानात बसायची. आमच्याकडं ही रीतच आहे. मेंढरं रात्रभर रानात बसवली की लेंडीखत आयतं पडतं, शेतकरी धनगराला त्याबद्दल धान्य देतो. पण बप्पा आणि म्हाळबात द्यायघ्यायचं काही नव्हतं. मेंढरं बसली की बप्पाही घोंगडं घेऊन रानात मुक्कामाला. बायको गेल्यावर आणि मुलगा पुण्याचा झाल्यावर तर ते तेवढ्याच दिवसांची वाट बघायचे.

मग सोसायटीची निवडणूक लागली. म्हाळबा बप्पांच्याच पॅनलमधून संचालक झाला होता. चेअरमन कोण ते संचालकांनी हात वर करून ठरवायचं होतं आणि ह्या वेळी लढत घासून होती. बप्पांनी आपली सगळी माणसं ओसरीवर गोळा केली आणि निघायच्या आधी एकेकाची नबज बघितली. मी तिथं नव्हते, पण हे गावातल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ आहे. म्हाळबाचा हात धरला आणि बप्पांचे मिटलेले डोळे उघडले. नबज पळत होती, अडखळत होती, मधेच ठोका चुकवत होती.

"म्हाळ्या," बप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "तू फुटलास."

म्हाळबा म्हणाला, "तिरमक, नबज सोड अन् तोंडाकडं बघ."

बप्पांनी बघितलं नाही. "जबान फिरती, नबज न्हाई फिरत."

म्हाळबानं घोंगडं खांद्यावर टाकलं, सोसायटीत गेला, बप्पांच्या नावाला हात वर केला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. त्या एका हातावर बप्पा चेअरमन झाले. कुठल्याही शहाण्या माणसाला तिथं कळलं असतं. पण बप्पा म्हणाले, "भ्याला त्यो. म्या वळखलं म्हणून भ्याला, न्हाईतर पाडलंच असतं मला."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मेंढरं दुसऱ्यांच्या रानात बसायला लागली. बप्पा पोत्यानं खत विकत आणायचे आणि "ह्याच्यात लई ताकत हाय" असं सगळ्या गावाला ऐकवायचे. म्हाळबानं तर कुणाच्या हातात हात देणंच सोडलं. लग्नात, मयतीत, कुठंही. लांबून हात जोडायचा.

ह्या वर्षी उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी म्हाळबाला मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात आणलं. मेंढरांमागं चालता चालता चक्कर येऊन पडला होता. मी मनगट धरलं. ठोक्यांना काही चालच नव्हती. दोन घाईघाईनं, मग एक गायब, मग पुन्हा तीन. छातीला नळी लावली तर तिथं भराभर पडणारे काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नव्हते. तेवढ्यात त्याला शुद्ध आली. माझी बोटं मनगटावर बघून त्यानं विंचू चावल्यासारखा हात ओढून घेतला.

डॉक्टरांनी तोवर हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली होती. त्यांनी म्हाळबाला आणि त्याच्या बायकोला, लखाबाईला, नीट समजावून सांगितलं. काळजाचा वरचा कप्पा धड आवळत नाही, नुसता थरथरतोय. तिथं रक्त साचून गाठ होऊ शकते, ती मेंदूकडं गेली तर लकवा. आजच, फार तर उद्या बीडला जाऊन पुढची तपासणी करा, गोळ्या सुरू करा. ह्याच्यावर औषध आहे, पण थांबू नका.

म्हाळबा उठून बसला. "न्हाई जात."

"का?" मी विचारलं.

"ह्या नबजेवर तिरमक गावादेखत थुकलाय. आता तीच नबज घेऊन मशिनीपुढं हात पसरत फिरू? मरंन, पर न्हाई जायचा."

लखाबाई रडली, त्यांचा पोरगा पाया पडला, मी ओरडले. काही उपयोग नाही. बाहेर आल्यावर लखाबाई मला म्हणाली, "ह्यो जल्मात एकाच मानसाचं ऐकत आलाय बाई. अन् त्याच्याशीच बोलत न्हाई."

माझं डोकं फिरलं. मी तशीच युनिफॉर्मवर बप्पांच्या ओसरीवर गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. म्हटलं, "हा आजार असा आहे की नाडी आपोआप अडखळते, खरं बोला नाहीतर खोटं बोला. आणि तुम्ही त्याच्यावरून दोस्त तोडलात!"

बप्पा भडकले. "तुमी नर्सा काय बी सांगता! तवा बी हेच व्हतं कशावरून?"

"नाही माहीत मला. तेव्हा कुणी पट्टी काढली नव्हती. पण आता त्याला लकवा झाला तर तो तुमच्या त्या ब्रह्मवाक्यानं होणार, एवढं मला माहीत आहे."

त्यांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "मतं मागायची सोडली तर म्या कुनाच्या दारात गेलेलो न्हाई."

"नका जाऊ," मी म्हटलं आणि चालू लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर म्हाळबाच्या दारासमोर गर्दी. पळत गेले, तर भर रस्त्यात सतरंजी अंथरून बप्पा बसलेले! पाठीमागं त्यांची जीप, गळ्यात उपरणं, चेहरा मोर्चातला. माणसाच्या दारात जाऊन "चल बाबा" म्हणणं त्यांना जमत नव्हतं. ठिय्या आंदोलन जमत होतं. आयुष्यभर तेच केलेलं, कधी विजेसाठी, कधी पाण्यासाठी. अन्नपाणी बंद, मागणी मान्य झाल्याशिवाय उठणार नाही.

मोबाईलवर बातम्या करणारा गावातला एक तरुण माईक घेऊन पुढं आला. "बप्पा, आपली मागणी काय?"

"म्हाळबानं बीडला दवाखान्यात जावं."

"अन् सरकारकडं काय मागणी?"

"सरकारचा काय संबंध बे? सरकारला काळीज असतंय का?"

आतून म्हाळबाचा आवाज आला, "सिस्टर, त्या मानसाला सांगा, ऊन लई हाय, घरी जा म्हणावं."

बप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "त्याला सांगा, म्या त्याच्याशी बोलत न्हाई."

"त्याला म्हणावं, मग कावून, कशापायी बसलाय दारात?"

"रस्ता त्याच्या बापाचा हाय का, इचारा!"

दोघांच्या मधे दहा हात अंतर आणि मी टपाल! लखाबाईनं पाण्याचा तांब्या आणला, बप्पांनी हात जोडून परत केला. दुपार झाली. गर्दी जेवायला गेली. ऊन असं की सतरंजी तापलेली. बप्पांचे ओठ सुकले होते आणि सकाळची ब्लडप्रेशरची गोळीही पोटात नव्हती. मी म्हटलं, "बप्पा, पुरे. घरी चला."

"घरी जाऊन काय करू?" ते एकदम म्हणाले, आवाज चढवून, दाराकडं बघून. "तिथं कोन हाय? भिताडाशी बोलू? हा मेला तर मला 'अरे' म्हनायला कोन उरतंय गावात?"

मी त्यांची नाडी धरली. त्यांनी धरू दिली. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "शंभराच्या बऱ्याच वर चाललीय. आता हेच पडतील इथं!"

दार उघडलं. म्हाळबा चौकटीला धरून उभा. "कावून मरायलास बे माझ्या दारात?"

"तुझी नबज मला वाचता न्हाई आली," बप्पा खाली बघून पुटपुटले.

"ऐकू न्हाई आलं. तवा सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हनलतास."

मला वाटलं, संपलं, आता हा माणूस फेटा सावरून चालता होणार. बप्पा उठले. उठताना गुडघ्यावर हात टेकवावे लागले. सभेत उभं राहतात तसे ताठ उभे राहिले, गल्लीकडं तोंड केलं आणि माईकशिवाय, घसा फाटेस्तोवर ओरडले, "उमापूरकरांनो! म्हाळबा फुटला न्हवता! तिरमक चुकला! तिरमक चुकला!"

घराघरांतून माणसं खरकट्या हातानं बाहेर आली. त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकायला मिळतील असं कुणाला वाटलं नव्हतं. मला तर नव्हतंच.

"गाडी काढ," म्हाळबा म्हणाला.

पुढं तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. आता म्हाळबा वेळच्या वेळी गोळ्या घेतो आणि मला पथ्यावरून शिव्या देतो, म्हणजे बरा आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीचं जीपमधलं. पुढं ड्रायव्हर आणि लखाबाई, मागं दोघं म्हातारे आणि समोरच्या बाकड्यावर मी. बप्पांना मी जबरदस्तीनं पाणी पाजलं होतं आणि गोळी दिली होती. गेवराई गेली, गढी गेली. मग म्हाळबा म्हणाला, "तवा माझी नबज पळत व्हती, ते खोटं न्हाई."

"जाऊ दे आता," बप्पा म्हणाले.

"जाऊ देत न्हाई. ऐक. तू पडशील म्हनून जीव घाबरला व्हता माझा. आदल्या दिसापास्नं घास उतरत न्हवता. चेअरमनकी गेली तर तुला घरात खायला उठंल, हेच डोक्यात."

मी नर्स आहे. ते ठोके आजाराचे होते का काळजीचे, हे आता कुठलंही मशीन सांगू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. मी तोंड उघडलं नाही.

बप्पा म्हाळबाकडं वळले. मग चिडून म्हणाले, "मग तवाच कावून न्हाई सांगितलंस बे?"

"तू इचारलंस का?" म्हाळबा म्हणाला. "तू नुसती नबज धरलीस."

बप्पांनी उपरणं तोंडावर घेतलं. त्यांचे खांदे हलायला लागले. उपरण्याआडूनच म्हणाले, "सिस्टर, तुमी जरा बाहीर बघा."

इतक्या वर्षांत त्या माणसाचं मी एक ऐकलं नव्हतं. तेवढं ऐकलं.